झाकली मूठ

माई चहाची किटली कधी भरत नसत. तळाशी जेमतेम कपभर पाणी. ही माईंची काटकसर, असं घरातले सगळे धरून चालले होते आणि सुनेला, वैशालीला, त्याचं कौतुकही वाटे. भरलेली किटली माईंना उचलवत नाही, हे कुणाला माहीत नव्हतं.

मेलबर्नच्या क्लेटन भागातलं ते विटांचं जुनं घर. माई वाईकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेले आणि २०१२ साली त्या मुलाकडे आल्या. त्यांच्या कायमच्या व्हिसासाठी मुलानं चाळीस हजार डॉलरहून जास्त पैसे भरले होते. तो आकडा माईंनी एकदाच ऐकला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं की यापुढे आपल्यापायी या घराला तोशीस पडू द्यायची नाही.

संधिवातानं उजव्या हाताची बोटं आखडत गेली. सकाळी वळलेली मूठ दहा-साडेदहाशिवाय सुटेना. माई ती पदराखाली धरत. पुढे पदरही गेला. इथल्या थंडीत साडी नको, असं सांगून त्यांनी गाऊन घालायला सुरुवात केली. खरं कारण, निऱ्या हातात धरवत नव्हत्या. आंघोळीचं तर आणखी अवघड. न्हाणीघरात टब, त्याची कड गुडघ्याएवढी. ती ओलांडून आत शॉवरखाली उभं राहायचं. माईंना त्या कडेची धास्ती बसली होती. मग घरातले कामावर गेले की त्या बेसिनपाशी स्टुलावर बसत, टॉवेल भिजवून अंग पुसून घेत आणि शेवटी हात लांबवून टबातला शॉवर मिनिटभर सोडून ठेवत. टब ओला दिसायला हवा ना.

वैशाली एका लॅबमध्ये पहाटपाळीला जाई. सासूबाईंचं वजन उतरतंय, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. लॅबमधल्या एका चिनी मैत्रिणीनं तिला सांगितलं की ऑस्ट्रेलियात पासष्ट वर्षांपुढच्या माणसाला घरी मदत हवी असेल तर सरकारच्या ‘माय एज्ड केअर’ला १८०० २०० ४२२ वर फोन करायचा, इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मिळतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. वैशालीनं फोन केला. नाव नोंदवलं, थोडे प्रश्न झाले आणि घरी येऊन पाहणी करायची तारीख मिळाली. इथं त्याला सगळे असेसमेंटच म्हणतात. काय मदत मिळणार आणि किती, हे सगळं त्या एका भेटीवर ठरतं.

माईंनी तो शब्द ऐकला आणि त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. असेसमेंट म्हणजे परीक्षा.

२०२५ च्या फेब्रुवारीतली ती सकाळ. माई सुनेकडून इरकल साडी नेसवून घेऊन तयार बसल्या. पहाटे उठून पोहे वैशालीनं केले, पण ‘मी केले म्हणून सांग’ अशी तिला ताकीद होती. असेसर बाई आल्या, टॅबलेट उघडला, स्पीकरवर मराठी दुभाषी जोडली गेली. माईंनी आधी त्या आवाजालाच विचारलं, “तुम्ही कुठल्या गं बाई?” आवाजानं ते नम्रपणे टाळलं. दुभाष्यानं आपल्या पदरचं काही बोलायचं नसतं. समोरचा जे म्हणेल तेवढंच पलीकडे पोचवायचं, त्यात भर नाही की घट नाही.

“आंघोळ स्वतःची स्वतः करता?”

“हो.”

“स्वयंपाक?”

“मीच. हे पोहे बघा.”

“कधी पडलात वगैरे?”

“छे.”

“एकट्यानं काही जड जातं का?”

“जड कशाला जाईल? आणि सून आहे की माझी. लेकीसारखी बघते.”

दुभाषीनं ते शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितले. वैशाली तिथंच पोह्यांची बशी घेऊन उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. सासू आपलं कौतुक करत असताना सुनेनं मध्ये पडून ‘नाही हो, मला जमत नाही’ असं म्हणायचं कसं? असेसर बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरळ विचारलंही. ती म्हणाली, “आमचं चाललंय व्यवस्थित.”

निकाल आला. पंधरा दिवसांतून एकदा घर झाडूनपुसून द्यायला माणूस मिळेल. माईंनी रात्री वाईला बहिणीला फोन लावला. “सगळं येतं म्हटलं मला. पास झाले बघ.”

इथं मला थोडं थांबून बोलायचंय, कारण अशा माई मेलबर्नला आहेत, सिडनीला आहेत आणि असेसमेंटच्या दिवशी त्यांतल्या कितीतरी जणी ठेवणीतली साडी नेसून बसतात. घरातलं चव्हाट्यावर आणू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सोयरिकीच्या बोलणीत ते उपयोगी पडत असेल. पण जो माणूस तुमचं दुखणं मोजून त्याप्रमाणे मदत ठरवायला आलाय, त्याच्यापुढे मूठ झाकली तर तो रिकाम्या हातानंच परत जाणार. या कामातले जाणते लोक म्हणूनच सांगतात, तुमचा वाईटात वाईट दिवस सांगा. सणाचा दिवस सांगू नका. आणि घरात जो सांभाळ करतो त्याच्या थकव्यालाही तिथं जागा आहे, त्यानंही बोललं पाहिजे.

जुलै उजाडला. मेलबर्नचा जुलै म्हणजे हाडात शिरणारा गारठा. वैशाली पहाटे गेली, मुलगा गेला, नातू शाळेत गेला. माईंनी अंग पुसून घेतलं आणि रोजच्यासारखा शॉवर सोडायला टबावरून हात लांबवला. स्टूल सरकलं. त्या टबातच आडव्या झाल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, आणि वरून पाणी सुरू. नळ बंद करायचा तर उजव्या हाताची मूठ अजून सुटलेली नव्हती. पाणी आधी ऊन होतं, मग कोमट, मग थंड झालं.

वैशाली साडेअकराला आली तेव्हा आतून पाण्याचा आवाज येत होता. हाड वाचलं होतं, पण ओठ काळेनिळे पडले होते. तिनं माईंना कोरडं केलं, दोन रजयांत गुंडाळलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि त्यांच्या पायांशी जमिनीवर बसून रडायला लागली.

“तुम्ही येतं म्हणालात, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, बोलले तर लोक म्हणतील, सासू जड झाली म्हणून सरकारच्या गळ्यात घातली. माई, मी चार महिने झाले, दुपारची झोप घेतलेली नाही. तुम्ही पडाल म्हणून धावत घरी येते रोज.”

माईंनी काहीच उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री दवाखान्यात त्यांना झोप लागेना, तेव्हा वाडीतली एक म्हातारी आठवली.

शाळेत असताना माई संध्याकाळी गावातल्या निराधार म्हाताऱ्यांचे श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून देत. पासष्ट वर्षांवरच्यांना राज्य सरकारचं महिन्याचं निवृत्तिवेतन. कागद गोळा करायचे, अंगठे घ्यायचे, तहसीलला फेऱ्या मारायच्या. या म्हातारीचा मुलगा मुंबईला गेला तो परत फिरकला नव्हता. शेजारणी भाकरी द्यायच्या तेव्हा ती जेवायची. तलाठी चौकशीला आला, चार माणसं गोळा झाली, त्यांच्यासमोर त्यानं विचारलं, आजी, कोण बघतं तुम्हाला? म्हातारी ताठ बसून म्हणाली, “ल्योक हाय की माजा. त्यो बघतोय समदं.”

अर्ज गेला परत. माई तेव्हा रागानं तिच्या ओसरीवर जाऊन बोलल्या होत्या, “आजी, खोटी अब्रू कशाला सांभाळलीत? भीक मागत नव्हता तुम्ही. हक्काचं होतं ते.” म्हातारीनं पदराचं टोक तोंडाला लावलं होतं. तिला काय वाटलं असेल ते माईंना इतक्या वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, दवाखान्याच्या खाटेवर कळलं. आणि आपण तिला जे बोललो ते बरोबरच होतं, हेही त्याच क्षणी कळलं.

सकाळी मुलगा आला तसं त्या म्हणाल्या, “त्या बाईंना परत बोलाव.”

फेरपाहणी मागता येते, आणि तब्येत बदलली असेल तर मागायलाच हवी. या वेळी आलेल्या असेसर नर्स होत्या. माई गाऊनवरच बसल्या होत्या, केस विंचरलेले नव्हते, कारण सकाळी नऊला त्यांना फणी धरवत नाही. त्यांनीच मुद्दाम ती वेळ मागून घेतली होती. फोनवर दुभाषी होती. नर्सनं विचारलं, चहा कसा करता ते दाखवाल?

माई उठल्या. वैशालीला म्हणाल्या, “किटली भर. पूर्ण भर.” मग किटलीच्या मुठीला आपली वळलेली मूठ लावली, डाव्या हाताचा टेकू दिला आणि उचलू लागल्या. किटली दोन बोटं वर आली, हिंदकळली, ओट्यावर आपटली. पाणी सांडलं. माईंनी हात नर्सच्या पुढे धरला आणि बोटं उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाहीत. तो हात त्यांनी न लपवता तसाच पुढे धरून ठेवला. नर्सनं टॅबलेट बाजूला ठेवून तो आपल्या हातात घेईपर्यंत त्या हलल्या नाहीत. फोनवर दुभाषी थांबून राहिली. भाषांतर करायला काही नव्हतं.

मग माई बोलल्या. टबाचं बोलल्या, स्टुलाचं, ओल्या ठेवलेल्या टबाचं. वैशालीही बोलली. दीड तास गेला.

मदत दुसऱ्या दिवशी दारात आली नाही, हेही सांगायला हवं. मंजुरीनंतर रांग असते आणि ती लांब असते. या देशात वृद्धांच्या आबाळीची चौकशी करायला २०१८ मध्ये रॉयल कमिशन बसलं, त्याच्या पहिल्या अहवालाचं नावच ‘निग्लेक्ट’, म्हणजे हेळसांड. त्यातून पुढे नवा कायदा झाला, वृद्धांचे हक्क त्यात लिहिले गेले, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ‘सपोर्ट ॲट होम’ ही योजना आली. गरजेप्रमाणे आठ पायऱ्या, प्रत्येकीला दर तिमाहीचं ठरलेलं बजेट. नर्सचा खर्च सगळा सरकारचा, बाकीच्या मदतीत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे थोडा वाटा. कायदा चांगला आहे. पण रांगेतल्या माणसाचा दिवस कायद्यानं लहान होत नाही. ते महिने वैशालीनं रजा जोडून आणि मुलानं पाळी बदलून काढले. पण आता ते तिघं मिळून काढत होते, एवढा फरक होता.

मार्चमध्ये पत्र आलं. ते वाचून बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. छप्पन्न दिवसांत सेवा देणारी संस्था निवडून तिच्याशी करार करायचा, नाहीतर मिळालेली जागा जाते. वैशालीनं वही घेतली आणि एकेका संस्थेला फोन लावला. तासाचा दर काय, नेहमी एकच माणूस येईल का, हिंदी तरी बोलणारं कुणी आहे का. सातव्या फोनला ‘आहे’ असं उत्तर आलं.

टबावर आडवी फळी बसली. तिच्यावर बाहेरून बसायचं आणि बसल्या बसल्या पाय आत घ्यायचे. भिंतीला धरायला दांडी लागली. आणि एका मंगळवारी साडेनऊला पोखऱ्याची एक नेपाळी मुलगी आली. तिनं दारातच विचारलं, “आमा, पानी कितना गरम चाहिए?”

वाईहून बहिणीचा फोन आला होता आदल्या रात्री. “परकी पोरगी आंघोळ घालणार तुला? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. पाठ किती वर्षांनी घासली जाईल माझी, माहितेय तुला?”

फळीवर बसून माईंनी डोळे मिटले. पोरीनं पाठीवर ऊन पाणी सोडलं, खांदे चोळले, मग उजवा हात मांडीवर घेतला. मूठ वळलेलीच होती. ती तिनं ओढून उघडली नाही. कोमट पाण्याची धार तिच्यावर धरून ठेवली, बराच वेळ. मग साबणाच्या बोटानं करंगळी हळूच सोडवली, तिच्या बेचक्यातून फेस फिरवला.

“एक,” माई म्हणाल्या.

पोरीनं वर पाहिलं, हसली. “एक.” मग पुढचं बोट सोडवलं. “दुई.”

“दोन.”

“दोन.”

“तीन.”

“तीन,” पोरगी म्हणाली आणि पुढच्या बोटाखाली हात घातला.