न उगवलेल्याचा पंचनामा

धिंगरी अळंबीची टोपी रात्रभर काळ्या कागदावर पालथी ठेवली की सकाळी तिच्याखाली पांढुरकी पूड पडलेली दिसते. ते तिचे बीजाणू. संख्या कोटींत. फोनवर व्हिडिओ बघून घरी अळंबी करू पाहणारे काही जण इथूनच सुरुवात करतात. पूड पाण्यात कालवायची, उकळून गार केलेल्या काडावर शिंपडायची आणि वाट बघायची. बहुतेकदा काही होत नाही. दहा-पंधरा दिवसांनी काड तसंच असतं, नाहीतर हिरव्या बुरशीने भरतं. मग प्रश्न येतो, चुकलं कुणाचं?

आपल्याकडे उत्तर तयार आहे: पेरलं तसं उगवतं. म्हणजे उगवलं नाही तर बी खोटं, नाहीतर पेरणारा. ही म्हण आपण शेतापेक्षा माणसांवरच जास्त चालवतो. परीक्षेत राहिलेल्या पोरावर, बंद पडलेल्या दुकानावर, मूल न झालेल्या बाईवर. म्हणून ती एकदा काडावर नीट तपासून बघायला हवी.

पहिली गोष्ट, बीजाणू म्हणजे बी नव्हे. सोयाबीनच्या दाण्यात कोंबाला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. बीजाणूकडे ती जवळजवळ नसते. ओल, ऊब आणि अन्न त्याला बाहेरूनच मिळावं लागतं, तेही इतर बुरश्या आणि जिवाणूंनी ताटावर ताव मारण्याआधी. धिंगरीची आणखी एक अडचण आहे. तिचा एकटा बीजाणू रुजला, त्याचं जाळंही पसरलं, तरी त्याला सहसा अळंबी येत नाही. जुळणारं दुसरं जाळं भेटावं लागतं. एकाच अळंबीचे कुठलेही दोन बीजाणू घेतले तर ते जुळण्याची शक्यता साधारण चारात एक.

बटन अळंबीची तऱ्हा वेगळी. तिच्या बहुतेक बीजाणूंना जोडीदार लागत नाही, पण ते जागे व्हायला कुरकुरतात. जवळ त्याच जातीचं जाळं वाढत असेल, तर त्यातून हवेत सुटणाऱ्या आयसोव्हॅलेरिक आम्लामुळे ते रुजायला लागतात. आपलं कुणीतरी शेजारी वाढतंय, एवढी खूण त्यांना लागते. ती नसताना त्याच बीजाणूकडे बघून कुणीही म्हणेल, हा मेलेला आहे. मेलेला, झोपलेला आणि सोबत न मिळालेला, हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

म्हणून अळंबीचा धंदा करणारे बीजाणूंच्या नादी लागत नाहीत. चांगल्या अळंबीचा आतला तुकडा घेऊन त्याचं जाळं वाढवतात, ते उकडलेल्या निर्जंतुक गव्हावर किंवा ज्वारीवर चढवतात आणि त्याला स्पॉन म्हणतात. तो स्पॉनही बेडमध्ये पसरला नाही, तर जाणता माणूस आधी काडाची ओल बघतो, ते नीट तापवलं होतं का विचारतो, खोलीची उष्णता तपासतो. स्पॉन खराब असू शकतो, पण तो एकटाच संशयित नसतो.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला अशी चौकशी नवी नाही. कृषी खातं दर वर्षी सांगतं, घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि काही दिवसांनी कोंब मोजा. 70 उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. म्हणजे चांगल्या बियाण्यातही 30 दाणे न उगवणं गृहीत आहे. 2020च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पंचनाम्यांत बियाण्याबरोबर पेरणीची खोली, जमिनीतली ओल आणि पावसाचा खंड हेही विचारलं गेलं. शेतकऱ्याला त्यातून दर वेळी न्याय मिळतो असं नाही. पण प्रश्नांची यादी तरी पुरी असते.

माणसाच्या बाबतीत आपण ही यादी पहिल्याच ओळीला थांबवतो. पोरात दम नाही. याचं कारण सरळ आहे. बियाला दोष देणं सगळ्यात स्वस्त पडतं. काड दोषी ठरलं तर नवं काड आणावं लागतं, खोली दोषी ठरली तर खोली बदलावी लागते, आणि तो खर्च आपल्या खिशातून जातो.

हा खर्च करणारी माणसं याच मातीत होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. 1919 साली त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. बहुजनांच्या आणि अस्पृश्यांच्या पोरांना शिक्षण झेपत नाही, असं तेव्हा उघडपणे म्हटलं जाई. भाऊरावांनी त्या पोरांना छप्पर दिलं, भाकरी दिली आणि वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ओल, ऊब, अन्न आणि सोबत. त्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. परिस्थिती बदलायची म्हणजे काय, ते इथे दिसतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळा दोष परिस्थितीवर ढकलला, तर माणसाची स्वतःची जबाबदारी कुठे राहिली? ती राहते. एकाच खोलीत, एकाच भाकरीवर दोघांचं वेगळं होतं, आणि त्यात मेहनतीचा वाटा असतो. पण तो वाटा मोजायचा तर आधी खोली आणि भाकरी सारखी असायला हवी. त्याआधी दिलेला निकाल हा अंदाजच असतो, आणि तो ज्याच्यावर बसतो त्याला आयुष्यभर वागवावा लागतो.

बीजाणूची उपमा मात्र इथेच सोडावी लागते. अळंबी कोट्यवधी बीजाणू उधळते ते दोन-चार रुजावेत म्हणून. बाकीचे वाया जाणं हाच तिचा हिशेब. काहीशे जागांसाठी लाखांवर अर्ज येतात तेव्हा आपणही तोच हिशेब मांडतो, आणि उरलेल्यांना सांगतो की तुम्ही कमी पडलात. खरं तर जागा कमी पडल्या. अळंबीला ही उधळण परवडते, कारण तिच्या एकाही बीजाणूला घरी कुणी विचारत नाही, ‘मग आता पुढे काय?’

म्हणून क्रम बदलावा. आधी काड, मग पाणी, मग खोली, मग सोबत, आणि बी सगळ्यात शेवटी. एवढं सगळं पाहूनही काही हाती लागलं नाही, तर पंचनाम्यात ‘उगवलं नाही’ एवढंच लिहावं. त्याच्यापुढे ‘नापीक’ लिहायचा अधिकार आपल्याकडे नाही.