सोडून जाणारा आणि धरून ठेवणारे

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात वॉट्स नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १०३व्या रस्त्याच्या मेट्रो स्टेशनवर उतरून चालत निघालं की बैठ्या घरांच्या छपरांवर पोलादी जाळीचे मनोरे दिसू लागतात. सगळ्यांत उंच मनोरा सुमारे ९९ फुटांचा. एका चिंचोळ्या त्रिकोणी जागेत अशा एकूण १७ रचना दाटीवाटीने उभ्या आहेत: मनोरे, कमानी, कारंजं, एक जहाजही. हे सगळं सबातो ऊर्फ सायमन रोडिया या इटालियन गवंड्याने १९२१ ते १९५४ या काळात एकट्याने उभारलं, तेही पोटापाण्याचं काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात.

इथे आलेल्या माणसाने आधी मान वर करू नये, कुंपणाच्या भिंतीशी उभं राहावं. सिमेंटमध्ये सेव्हन-अपच्या हिरव्या बाटल्यांची बुडं बसवली आहेत, मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या बाटल्यांच्या निळ्या काचा आहेत, फुटक्या कपबशा, फरशांचे तुकडे, शिंपले आहेत. ऊन पडलं की हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तऱ्हेने पेटतो. जिथे तुकडे नाहीत तिथे ओल्या सिमेंटवर ठसे उमटवले आहेत: मक्याच्या कणसांचे, फुलांचे आणि खुद्द रोडियाच्या हातोडीचे, हत्यारांचे. त्यांच्याच जवळ त्याच्या नावाची आद्याक्षरं. कामगाराने आपली अवजारं आपल्या कामात इतक्या मानाने कोरून ठेवलेली क्वचितच पाहायला मिळतात.

त्याने ना परांची बांधली, ना वेल्डिंग केलं. पोलादी सळया आणि नळ्या तो शेजारच्या रेल्वेरुळात अडकवून वाकवायचा, सांध्यांवर तार आणि जाळी गुंडाळायचा, वर सिमेंट थापायचा. खिडक्या पुसणारे वापरतात तसला पट्टा कमरेला बांधून स्वतःच रचलेल्या आडव्या कड्यांवरून चढत जायचा. वस्तीतली पोरं फुटकी भांडी आणून द्यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे मनोरे शत्रूला संदेश पाठवायला आहेत, अशीही कंडी पिकली. ‘कशासाठी बांधतोस?’ या प्रश्नाला त्याने निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरं दिली.

आणि १९५५ साली, पंचाहत्तरीच्या आसपास, त्याने ती जागा शेजाऱ्याच्या नावावर करून टाकली आणि उत्तरेकडे मार्टिनेझ या गावी निघून गेला. पुढची दहा वर्षं तो जगला, पण मनोरे पाहायला पुन्हा आला नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक जुना प्रश्न जागा होतो. आयुष्याची तेहतीस वर्षं ज्यात घातली ते असं सोडून देणं हा फलत्याग म्हणायचा का? मोह होतो तसं म्हणण्याचा. विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. फळावरची नजर निघाली की काम ढिलं होत नाही, उलट सगळं चित्त कामात उतरल्याने ते जास्त चोख होतं, असा त्यांचा विचार. रोडियाच्या भिंतीतला एकेक तुकडा त्याची साक्ष देतो. पाहायला कोण येणार, विकत कोण घेणार, हा हिशेब त्यात कुठेच नाही.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. इटलीत रोडियाच्या गावापासून फार लांब नसलेल्या नोला शहरात दरवर्षी जून महिन्यात संत पाउलिनोचा उत्सव होतो. लाकडाचे आठ उंचच उंच मनोरे आणि एक नाव माणसं खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून नाचवतात. वॉट्समधल्या मनोऱ्यांचं मूळ अनेक अभ्यासकांना या उत्सवात दिसतं, आणि इथलं जहाज पाहिलं की ते पटतं. मात्र नोलातले मनोरे उत्सव संपला की उतरवले जातात, पुढल्या वर्षी नवे बांधले जातात. गणपतीच्या विसर्जनासारखं, सोडून देणं हा तिथे रीतीचाच भाग आहे. रोडियाने तीच आकृती पोलादात आणि सिमेंटमध्ये बांधली, टिकावी म्हणून. वर आपलं नाव घातलं. नावाची अक्षरं उमटवणाऱ्या माणसाला काही नकोच होतं, असं म्हणवत नाही. काम पुरं होणं हेच त्याचं फळ असावं. ते त्याने पुरेपूर घेतलं आणि मगच पाठ फिरवली.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो वैराग्याची कथा रंगवताना हमखास गळतो. तो गेल्यावर त्याचं घर जळालं, जागा विकली गेली आणि नव्या मालकाला तिथे टाकोचं दुकान काढायचं होतं. १९५७मध्ये महापालिकेच्या बांधकाम खात्याने मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. १९५९ साली निकोलस किंग हा नट आणि विल्यम कार्टराइट हा चित्रपट संकलक, या दोघांनी ३,००० डॉलरला ती जागा घेतली आणि समिती उभी केली. विमान बांधणीतला इंजिनिअर बड गोल्डस्टोन याने आव्हान दिलं: ओढून पाहा. १० ऑक्टोबर १९५९ला लोकांच्या गर्दीसमोर मनोऱ्यावर दहा हजार पौंडांचा, म्हणजे साडेचार हजार किलोंचा ताण दिला गेला. ताण देणारी यंत्रणाच आधी हरली, मनोरा उभा राहिला. हुकूम बारगळला.

या माणसांना फळाची आस होती, उघड आणि हट्टी. मनोरे राहिलेच पाहिजेत, यासाठी ते झगडले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करत राहावं, हा आग्रह जागोजागी आहे. त्या मोजपट्टीवर रोडिया मधेच थांबला आणि उरलेलं कर्म अनोळखी लोकांनी केलं. एकाच्या सुटण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी गुंतून राहून चुकती केली. त्याग थोर म्हणायचा तर ही बाजूही तितक्याच आदराने मोजली पाहिजे. दर वेळी सोडणाऱ्याचंच चरित्र लिहिलं जातं, हा अन्याय आहे.

रोडिया १९६५च्या जुलैमध्ये वारला. पुढच्याच महिन्यात वॉट्स पेटलं: पोलिसांशी चकमक, सहा दिवसांचा उठाव, ३४ मृत्यू, दुकानांच्या रांगाच्या रांगा खाक. मनोऱ्यांना कुणी हात लावला नाही. शेजारच्या कला केंद्राचे संचालक, शिल्पकार नोआ प्युरिफॉय यांनी सहकाऱ्यांसह जळका ढिगारा गोळा केला आणि १९६६मध्ये त्यातून ‘सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन घडवलं. रोडियाने कपबशांच्या तुकड्यांचं केलं तेच त्यांनी वितळलेल्या काचेचं आणि धातूचं केलं. वस्तीने वारसा म्हणून मनोरे घेतले, आणि रीतही घेतली.

दुरुस्ती मात्र संपत नाही. दिवसा तापणारं आणि रात्री निवणारं पोलाद-सिमेंट प्रसरण-आकुंचन पावतं, तडे जातात, शिंपला निखळतो. लॉस एंजेलिस काउंटीच्या कलासंग्रहालयाने २०११पासून जतनाचं काम अंगावर घेतलं. निखळलेल्या तुकड्याच्या जागी नवा बसवायचा की खड्डा तसाच ठेवायचा, हे तिथे प्रत्येक तुकड्यागणिक ठरवावं लागतं, आणि विचारायला मूळ गवंडी नाही.