घर जळाल्यावर वैराग्य सांगावे काय?

शेजाऱ्याचे घर आगीत जळते. घरधनी काठीने राख चाळवीत उभा असतो, आणि आपल्यातलाच कोणी जाऊन म्हणतो, "बाबा रे, सगळे नाशिवंतच आहे!" बोलणे खोटे नाही. पण ते त्या वेळी बोलावे काय, एवढेच आम्ही विचारतो.

आम्हास वाटते, सोडणे निराळे आणि हिरावले जाणे निराळे. आपणहून सोडील तो विरक्त. ज्याचे बियाणे, अंथरूण-पांघरूण, लेकीचे लुगडे जळाले, तो विरक्त नव्हे, दुःखी आहे. आपले छप्पर शाबूत असता त्याच्या राखेवर प्रवचन मांडू नये.

कोणी प्रारब्धाकडे बोट दाखवतात. ता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस व दारूगोळा भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागून स्फोट झाला. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. त्या सर्वांचे पाप एकच होते काय? तो हिशेब आपल्या हाती नाही. आपल्या हाती भाकरी आहे, ती द्यावी.

मात्र देतानाही जपावे, वाचकहो. काल वाढणारा हात आज पसरणे फार जड जाते. तलाठ्याच्या पंचनाम्याला सोबत बसावे, जळालेले कागद पुन्हा काढायला तालुक्याला बरोबर जावे. आणि तीन दगडांच्या चुलीवर त्या माउलीने चहा ठेवला, तर "कशाला उगीच" म्हणू नये; बसून प्यावा. आल्यागेल्याला काही देता आले, की त्या घराला पुन्हा घरपण येते.