दामले का आले नाहीत?

प्रेमात फसविली गेलेली स्त्री आमच्या कथा-कादंबऱ्यांत बहुधा दोनच वाटांनी जाते. एक संतापाची, दुसरी मुकाट सोसण्याची. खांडेकरांच्या ‘ययाति’तील (१९५९) देवयानीच्या मनात कचाच्या नकाराची जखम मुरते आणि पुढे तिच्या संसारालाही नासविते. सोसणाऱ्या नायिका तर वाचकांच्या परिचयाच्याच आहेत.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील लीला बेणारे मात्र निराळी. विवाहित प्राध्यापक दामले या शिक्षिकेला गरोदर अवस्थेत टाकून देतात. ती गाते, हसते, सोबत्यांची थट्टा करते. सेमिनरीत असताना हे नाटक वाचले तेव्हा ती आम्हांला उथळ वाटली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तिच्या पर्समध्ये विषाची बाटली निघते, हे वाचूनही आमचे मत पालटले नाही! ते हसणे म्हणजे चिलखत होते, हे कळायला वय व्हावे लागले.

मध्यंतरी अंबरनाथला काही भगिनींसमवेत हे नाटक पुन्हा वाचले. बदलापूरहून आलेल्या एका मावशींनी मध्येच विचारले, “फादर, त्या दामल्याला कोणी का बोलावीत नाही?”

दामले रंगमंचावर येतच नाहीत. खेळातले न्यायालय बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते आणि अखेरीस तिच्या पोटातला गर्भच नष्ट करण्याची शिक्षा फर्माविते. तिच्या प्रदीर्घ स्वगताच्या वेळी बाकीची पात्रे थिजलेली असतात. तिचे म्हणणे कोणाच्या कानी पडत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेली स्त्रीही एकटीच आहे. वस्तुतः लेवीय ग्रंथातील नियम दोघांनाही दोषी ठरवितो. त्या उताऱ्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील. पण तो पुरुष कुठे होता, असे एकदाही विचारले नव्हते.

पुष्कळ वर्षांपूर्वी उल्हासनगरात एक तरुणी आमच्याकडे आली होती. लग्नाचे वचन देऊन एकाने ऐनवेळी हात झटकले होते. ती संतापाने थरथरत होती आणि आम्ही तिला क्षमेविषयी सांगू लागलो. क्षमा थोर खरीच, आणि ती अपराध्याच्या पश्चात्तापावर अवलंबूनही नसते. परंतु अन्यायाचा उच्चार होण्याआधीच तिची घाई केली, तर सुटका होते ती फसविणाऱ्याची. खरे तर तिच्या संतापाने आम्हीच अवघडून गेलो होतो, म्हणून ती घाई! तिने मान डोलाविली, पदर सावरला आणि ती निघून गेली.

त्या माणसाचे नावसुद्धा आम्ही तिला विचारले नव्हते.