लाट कोणाची?

टोकियोच्या सुमिदा भागात छपाईचे एक वयोवृद्ध कारागीर राहत. लाकडी ठशांवरून चित्रं छापण्यात त्यांचा जन्म गेला होता. नातीने हँडबॅगांचा धंदा सुरू केला आणि पहिली बॅग मोठ्या हौसेने आजोबांपुढे ठेवली. तिच्यावर जपानी चित्रकार होकुसाईंची १८३१ च्या सुमाराची जगप्रसिद्ध लाट होती. आत चामड्याच्या तुकड्यावर सोनेरी अक्षरांत एकच नाव होतं, होकुसाई.

आजोबांनी चष्मा लावून बॅग निरखली. "छान झालीय. पण नावाडी कुठे गेले?"

"कसले नावाडी?"

मूळ चित्रात लाटेच्या तडाख्यात सापडलेल्या तीन होड्या आहेत. ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात पोचवणाऱ्या वेगवान होड्या या. वल्ह्यांवर ओणवे झालेले नावाडी जीव मुठीत धरून आहेत. सगळं चित्र त्यांच्यामुळे उभं राहतं, असं मला वाटतं. बॅगेवर मात्र ते बाहेरच्या खिशाखाली गडप झाले होते.

"नावाडी खिशाखाली गेले, तसा कोरणारा या नावाखाली गेला बघ," आजोबा म्हणाले. "होकुसाईंनी पातळ कागदावर चित्र काढलं. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषांच्या कडेकडेने लाकूड कोरलं. त्यात मूळ चित्र संपतंच. जग बघतं ती रेघ कोरणाऱ्याच्या सुरीची."

मग त्यांनी फळीला निळा रंग लावला, कोपऱ्यातल्या खाचेला कागद भिडवला आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती तिच्या हाती दिली. नातीने जोर लावून घासलं. तिचा खांदा भरून आला आणि रंग तरीही रेषेबाहेर गेला. आजोबांनी दुसरा कागद पुढे केला.

नव्या बॅगांचा खिसा आत गेला. चामड्यावर होकुसाईंच्या नावाखाली कापड छापणाऱ्याचं आणि बॅग शिवणाऱ्या बाईंचं नाव आलं. दुकानदार कुरकुरला, "गिऱ्हाईक होकुसाईंच्या नावावर पैसे मोजतं, शिवणाऱ्यांच्या नाही."

"होकुसाईंना मात्र कोरणाऱ्याचं नाव महत्त्वाचं वाटत होतं," नात म्हणाली.

ते खरंच आहे. आपलं काम एगावा तोमेकिची या कोरणाऱ्याकडेच द्यावं, असं त्यांनी स्वतः प्रकाशकांना पत्रातून कळवलं होतं. ती लाट ज्याने कोरली, त्याच्या नावाची नोंद मात्र कोणीच ठेवली नाही.