रस्ता आणि पाचवी आज्ञा



यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एक माणूस जखमी होऊन पडला होता. याजकाने त्याला पाहिले आणि तो बाजूने निघून गेला. लेवीही तसाच गेला. थांबला तो शोमरोनी. प्रभू येशूचा हा दाखला (लूक १०) आपल्याला पाठ आहे. याजकाला आपण दोष देतो; पण त्याने त्या माणसाला पाहिले तरी होते. मोबाईलवर नजर खिळलेल्या चालकाला समोरचा माणूस दिसतही नाही!

थोडा हिशेब करू या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले, तर ५० मीटर आपण डोळे मिटूनच गाडी हाकली म्हणायची. तेवढ्यात एखादे शाळकरी मूल रस्त्यावर आले तर? मोबाईल हातात न धरता बोललो, तरी मन बोलण्यातच गुंतलेले असते.

मद्याच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषी ठरतो, असे ख्रिस्तसभा पाचव्या आज्ञेच्या शिकवणीत सांगते. मोबाईलचा मोह याहून वेगळा कसा? व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या, त्यातली पहिली मनुष्यहत्येविरुद्धचीच आहे. आपल्या देशातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात मोबाईल धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे मानले जाते. त्यासाठी पहिल्याच वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. पण दंडाची भीती पोलीस दिसेपर्यंतच असते. सद्सद्‌विवेक मात्र सतत आपल्याबरोबर असतो.

गाडीच्या आरशाला आपण श्रद्धेने रोझरी लावतो. ती आपले लक्ष प्रार्थनेकडे वळवण्यासाठी आहे, बेफिकिरीचा परवाना म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट. वाजणारा तो फोन पुष्कळदा घरूनच आलेला असतो. “कुठे पोहोचलास?” असे आपण मायेनेच विचारतो. यापुढे आधी विचारू या, “गाडी चालवतोस का?” उत्तर ‘हो’ आले, तर लगेच फोन ठेवू या. चालकाने किल्ली फिरवण्याआधी मोबाईल बंद करून डिकीत किंवा बॅगेत ठेवावा, क्रुसाची खूण करावी आणि मगच निघावे. फार निकड असेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करून बोलावे.

रस्त्यावर समोर येणारा प्रत्येक जण आपला शेजारी आहे. त्याच्याकडे लक्ष देणे हीच त्याच्यावरची प्रीती. प्रभू आपल्याला जागी नजर देवो आणि प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवो.