मातृदिन कोणासाठीं?

पुष्कळ मंडळ्यांत मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून पाळण्याची चाल पडली आहे. त्या दिवशीं शब्बाथशाळेचीं मुलें गीत म्हणतात, वृद्ध मातांस पुढें बसवून एकेक फूल देण्यांत येतें, आणि पाळक नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायावर उपदेश करितो. ह्यावर कित्येक वडील बंधु असा आक्षेप घेतात कीं, हा दिवस पाळण्याची आज्ञा पवित्र शास्त्रांत कोठेंही नाहीं. शिवाय तो अमेरिकेंतून आलेला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रांत श्रावणांतील पिठोरी अमावास्येस मातृदिन म्हणतातच, मग हा दुसरा कशाला?

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. न्यू इंग्लंडांतील ज्या मंडळ्यांच्या परंपरेंतले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्या मंडळ्यांच्या पूर्वजांनीं मॅसाच्युसेट्स प्रांतांत १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला, आणि आज त्यांच्याच वारसांच्या मंदिरांवर आपण नाताळचा तारा टांगतों! त्या जुन्या लोकांचा कडकपणा मला रुचत नाहीं. तथापि त्यांचें भय अगदींच खोटें होतें असें म्हणवत नाहीं. मनुष्य देवाला एक दिवस देतो आणि उरलेले आपल्यापाशीं ठेवितो, हें त्यांस ठाऊक होतें. पौलानेंही दिवस, महिने व वर्षें पाळण्यावरून गलतीकरांस खडसाविलें. परंतु रोमकरांस लिहितांना दिवस मानणारा व न मानणारा ह्या दोघांसही त्यानें मोकळीक दिली, मात्र दोघांनींही प्रभूसाठीं वागावें असें सांगितलें. म्हणजे पाळण्याची मनाई नाहीं. विचारावयाचें तें हें कीं, दिवस पाळल्यानें ऋण फिटलें असें आपणांस वाटतें, कीं ऋण आहे ह्याची आठवण होते?

मातृदिनाची मूळ हकीकत ह्या कामीं फार उपयोगी आहे, आणि ती आपल्यांतील थोड्यांसच ठाऊक असते. अमेरिकेंतील आजच्या वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत ॲन रीव्ज जार्व्हिस नांवाची एक मेथडिस्ट बाई होती. तिच्या पोटीं आलेल्या पुष्कळशा लेकरांपैकीं चारच मोठीं झालीं. बाकीचीं रोगराईंत गेलीं. तें दुःख उराशीं धरून ती घरांत बसली नाहीं. १८५८ सालच्या सुमारास तिनें गांवोगांवच्या स्त्रियांचीं मंडळें उभारिलीं, आणि त्यांच्या कामास मातृदिनाचें काम असें नांव दिलें. तें काम काय होतें? स्वच्छता राखणें, मुलांस मिळणारें दूध तपासणें, औषधासाठीं पैसे जमविणें, क्षयानें अंथरुणास खिळलेल्या आईच्या घरीं कामास माणूस लावून देणें. पुढें १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तेव्हां ह्याच स्त्रियांनीं दोन्ही पक्षांच्या शिपायांची शुश्रूषा केली; आणि युद्ध संपल्यावर १८६८ सालीं जार्व्हिस बाईंनीं दोन्हीकडच्या घराण्यांस एकत्र बोलावून समेटाचा दिवस पाळविला. शब्बाथशाळेंत तर त्या वर्षानुवर्षें शिकवीत होत्या.

१९०५ सालीं त्या वारल्या. त्यांची कन्या ॲना हिच्या खटपटीनें १० मे १९०८ रोजीं ग्राफ्टन गांवच्या मेथडिस्ट मंदिरांत त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली, आणि त्या उपासनेसाठीं कन्येनें आईच्या आवडीचीं कार्नेशन नांवाचीं पांचशें पांढरीं फुलें पाठविलीं. १९१४ सालीं अध्यक्ष विल्सन ह्यांनीं तो दिवस राष्ट्राचा म्हणून जाहीर केला. लवकरच फुलांचे, मिठाईचे व छापील कार्डांचे व्यापारी त्या दिवसावर तुटून पडले. ज्या कन्येनें तो दिवस निर्माण केला तीच पुढें त्यांच्याविरुद्ध जन्मभर झगडली, आणि १९४८ सालीं एका आरोग्यभवनांत निर्धन स्थितींत मरण पावली. आईनें दूध तपासलें. जगानें फूल तेवढें उचललें.

आतां आपल्याकडची गोष्ट सांगतों, आणि तींत दोष माझाच आहे. दोन वर्षांपूर्वीं एका दुष्काळी तालुक्यांतील लहानशा मंडळींत मातृदिनाच्या उपासनेस मला बोलाविलें होतें. मंदिर सारवून, पताका लावून सजविलें होतें. एका ताटांत झेंडूचीं फुलें होतीं. उपासनेची वेळ झाली, तरी स्त्रियांच्या बाजूस तीन म्हाताऱ्या आणि कांहीं लहान मुली एवढींच माणसें. अर्धा तास वाट पाहून मीं आरंभ केला, आणि मनांतली चडफड जिभेवर येऊन व्यासपीठावरून बोलूनही गेलों कीं, वर्षांतून एक दिवस तरी भगिनींनीं वेळेवर यावें. पुरुषांच्या बाजूस माना हलल्या. उपदेश निम्मा झाला असेल नसेल, तोंच दारांत एक बाई येऊन उभी राहिली. पदर ओला, धाप लागलेली. ती म्हणाली, “टँकर आला व्हता, सायेब. आता म्हणा तुमचं.”

तिच्या मागें आणखी दहाबारा जणी होत्या. त्या कोठें गेल्या होत्या, हें पुरुषांच्या बाजूस बसलेल्या प्रत्येकास ठाऊक होतें. आम्ही सर्व बसून मातेची थोरवी गात होतों, आणि माता भर उन्हांत हंडे वाहत होत्या. मीं तिला फूल दिलें. तें घेण्यास तिचा हात मोकळा नव्हता. कळशी अजून कडेवरच होती.

त्या रात्रीं मार्काचा सातवा अध्याय वाचला. आईबापांस जें द्यावयाचें तें देवाला अर्पण केलें असें म्हणून हात झटकणाऱ्यांस प्रभूनें किती कठोर शब्दांनीं दोष दिला आहे! आमची उपासना त्या कुर्बानाहून फारशी निराळी नव्हती. उलट वधस्तंभावर असतांना प्रभूनें आपल्या मातेविषयीं काय केलें, तें योहानानें लिहून ठेविलें आहे. त्यानें तिची स्तुति केल्याचें तेथें वाचावयास मिळत नाहीं. ती कोणाच्या घरीं राहील एवढें त्यानें ठरविलें, आणि त्या शिष्यानें तिला घरीं नेलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पंचांपुढें मीं माझी चूक कबूल केली. ते बराच वेळ गप्प होते. एकजण म्हणाले कीं, पाणी भरणें हें बायकांचेंच काम, त्यांत उपासनेचा काय संबंध? त्यावर वादही झाला, आणि तो मिटला असें मला वाटलें नाहीं.

गेल्या मे महिन्यांत त्याच मंडळीनें पुन्हां बोलाविलें. फुलें तशींच होतीं, पताकाही त्याच. स्त्रिया वेळेवर येऊन बसल्या होत्या. टँकर उशिरा येणार असा निरोप होता, म्हणून मंडळींतले बहुतेक तरुण व दोन पंच हंडे घेऊन रस्त्यावर रांगेत उभे होते. त्या दिवशीं पुरुषांची बाजू निम्मी रिकामी होती.